पहिली शिकार, पहिली केस

परवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातला एक पोट्टा भेटला. वय 19. "भाऊ, मी फक्त टॉर्च धरला होता." गावातल्या मोठ्यांनी पहिल्यांदाच त्याला रानडुकराच्या शिकारीला सोबत नेलं. शिकार कसली! धुऱ्यावर खुंट्या, त्यावर उघडी तार अन् लाइनवर आकडा.

डुक्कर काही गरीब जनावर नाही, हे मान्य. हाताशी आलेला धान एका रात्रीत कसा लोळवते, ते बांधीत जागली केलेल्यालाच ठाऊक. पण करंटला डुक्कर ओळखता येत नाही. 2017 मध्ये नागभीडकडे जय वाघाचा बछडा श्रीनिवास अशाच तारेने गेला. आपल्या नागझिऱ्यात तर 2023 मध्ये मुद्दाम वाघिणी आणून सोडल्यात. अन् त्याच धुऱ्यावरून पहाटे मोटर लावायला शेजारीही जातो ना?

पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर वनविभागाच्या परवानगीने मारता येतं, असा शासन निर्णय 2015 पासून आहे. पण परवानगी मिळाली तरी परवान्याची बंदूक किती शेतकऱ्यांजवळ आहे? साहेबांनी धान निसवायच्या आधी गावात येऊन अर्ज घ्यावेत, मारायची सोय खात्यानेच करावी, पंचनामे वेळेत करावेत. नाहीतर तारा लागतच राहणार.

आणि गावातल्या मोठ्यांनो, शौक तुमचा, तर पोरांना कशाला नेता? विनापरवाना शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, टॉर्च धरणाराही त्यात येतो. हा पोट्टा पोलीस भरतीसाठी धावत होता. आता तारखेवर जातो. तार बांधणारे दोघं अजून सापडले नाहीत.