जिवाणूंची पुडी आणि लॉटचा हिशेब



कापूस परवडत नाही म्हटले की जोडधंद्याचा उपदेश सुरू होतो. कोंबड्या पाळा, हा त्यातलाच एक. ज्यांनी तो ऐकला, कर्ज काढून शेड उभे केले, त्यांच्यापुढे आता 'प्रोबायोटिक'ची पुडी आली आहे. खाद्यात मिसळा, मर थांबेल, वजन वाढेल, असे सांगतात.

पुडी थोतांड नाही. परसातले पिल्लू कोंबडीमागे उकिरडा उकरते आणि तिच्या आतड्यातले चांगले जिवाणू पहिल्या दिवसापासून चोचीने उचलते. ब्रॉयलरचे पिल्लू यंत्रात उबते. त्याला आई नाही, उकिरडा नाही. रिकाम्या आतड्यात जो आधी घुसेल त्याचे राज्य. 1973 मध्ये फिनलंडच्या नुर्मी आणि रांताला यांनी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जिवाणू पिल्लांना दिले, तेव्हा साल्मोनेला त्यांच्यात मूळ धरू शकला नाही. पुडीमागचे शास्त्र हेच.

मग इतकी वर्षे ते का आठवले नाही? खाद्यात अँटिबायोटिक मिसळणे स्वस्त पडत होते म्हणून. युरोपीय संघाने वाढीसाठीचा हा वापर 2006 पासून बंद केला. आपल्याकडे कोलिस्टिन, जे माणसाला शेवटचा उपाय म्हणून देतात, ते खाद्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांना देण्यावर 2019 मध्ये बंदी आली.

पण पुडीतला माल जिवंत आहे, हे विकणारा सांगत नाही. त्याच पाण्यात ब्लीचिंग पावडर किंवा अँटिबायोटिक टाकले की पैसे पाण्यात. लॅक्टोबॅसिलस अकोल्याच्या मे महिन्यात तापलेल्या टिनाखाली टिकत नाही. बॅसिलस बीजाणूच्या रूपात तग धरतो. पुडीवर जिवाणूचे नाव, दर ग्रॅमला संख्या आणि मुदत नसेल तर ती परत द्यावी.

आपल्याकडे त्याहून मोठी अडचण पाण्याची. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातले पाणी पिऊन पक्षी पातळ हगतो. गादी ओली होते, अमोनियाने डोळे चुरचुरतात, कॉक्सिडियाला आयते घर मिळते. तिथे पुडी काय करणार? आधी गोडे पाणी, कोरडी गादी, खेळती हवा. पावसात काळी पडलेली ज्वारी कोंबड्यांना घालून वर पुडी टाकणेही तसेच. बुरशीचे विष पुडीने उतरेल या भरवशावर राहू नये. पांढरी, स्वच्छ ज्वारी मात्र मक्याच्या जागी बऱ्याच अंशी चालते. ते कोणी सांगत नाही, कारण ज्वारी आपल्या घरची.

आता हिशेब. समजा हजार पक्षी, प्रत्येकी 2 किलो. किलोमागे 1.7 किलो खाद्य धरले तर लॉटला 3,400 किलो लागते. पुडीने हे 1.65 वर आले तर 100 किलो खाद्य वाचते. स्वतःच्या खाद्यावर पक्षी पाळणाऱ्याने या 100 किलोंची किंमत पुडीच्या किमतीशी ताडून पाहावी. पण करारावर पाळणाऱ्याचे काय? पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, वाचलेले खाद्यही कंपनीचे. शेड, वीज, मजुरी आणि उन्हाळ्यातली मर तेवढी आपली. पुडी कंपनीला हवी असेल तर तिने आणून द्यावी, आणि खाद्य वाचल्यास किलोमागे संगोपन खर्चात किती पैसे वाढतील ते लिहून द्यावे. पुढच्या लॉटच्या कागदावर सही करण्याआधी हा आकडा मागा.