वरच्या मजल्यावरची पंगत

पंक्तिभेद हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कोणाला कोठे बसवायचे, कोणाच्या पानात आधी वाढायचे आणि कोणाला दाराबाहेरूनच पत्रावळ द्यायची, हे आपले जुने शास्त्र. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांनी हेच शास्त्र थेट कायद्यात बसवले होते. लुइझियाना राज्यात काळ्यांनी आणि गोऱ्यांनी एका टेबलाशी बसून जेवणे कायद्याला मान्य नव्हते. आणि तरीही न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका कोपऱ्यावरच्या बारमध्ये, माडीवरच्या खोलीत, ही बेकायदा पंगत नित्यनेमाने बसत होती. त्या जागेचे नाव 'डूकी चेज'.

अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वॉशिंग्टनमधले भाषण शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण भाषण करण्यापूर्वी माणसे कोठेतरी बसलेली असतात, वाद घालत असतात आणि मुख्य म्हणजे भुकेलेली असतात. या साध्या गोष्टीकडे इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष कमी जाते, ही माझी जुनी तक्रार आहे. डूकी चेजची हकीकत सांगायची ती एवढ्यासाठीच.

ही जागा ज्या ट्रेमे वस्तीत आहे ती काही ऐरीगैरी नव्हे. जोडे शिवणारा होमर प्लेसी याच वस्तीतला. १८९२ साली तो मुद्दाम गोऱ्यांच्या रेल्वे डब्यात जाऊन बसला आणि अटक करवून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १८९६ मध्ये निकाल त्याच्या विरुद्ध दिला आणि 'वेगळे पण समान' या गोंडस नावाखाली पंक्तिभेदाला पुढे अर्धे शतकभर कायद्याचे छत्र मिळाले. (राज्याच्या गव्हर्नरने प्लेसीला मरणोत्तर माफी दिली ती २०२२ साली! सरकारी कामाला वेळ लागतो, हे तिथेही खरे.)

या वस्तीत एमिली आणि डूकी चेज या जोडप्याने १९३९ मध्ये लॉटरीची तिकिटे आणि लांबट पावाची सँडविचे विकायला सुरुवात केली. १९४१ पर्यंत त्याचा बार झाला आणि हळूहळू रेस्टॉरंट. धंद्याची खरी मेख होती शुक्रवारी. आठवड्याचा पगार चेकने मिळे, पण काळ्या कामगाराला बँकेत कोण उभे करणार? मग तो चेक घेऊन डूकी चेजकडे येई. एमिलीबाई तो वटवून रोख पैसे देत. हातात पैसे आले की माणूस एक पेला घेई, घरच्यांसाठी सँडविच बांधून घेई आणि चार लोकांशी बोलत बसे. बँक, गुत्ता आणि चावडी, तिन्ही एकाच छपराखाली. अशा जागेवर वस्तीचा जो विश्वास बसतो तो पत्रके वाटून मिळत नाही.

१९४६ मध्ये या घरात सून आली, लीआ. जन्म १९२३ चा, वाढली मॅडिसनव्हिल या खेड्यात. लग्नाआधी तिने शहरातल्या फ्रेंच क्वार्टरमध्ये गोऱ्यांच्या रेस्टॉरंटात वाढपिणीचे काम केले होते. जिथे तिला गिऱ्हाईक म्हणून पाऊल टाकता येत नव्हते, तिथली शुभ्र टेबलक्लॉथ आणि काट्याचमच्यांची मांडणी तिने नीट पाहून ठेवली होती. आपल्या माणसांनाही असे बसता आले पाहिजे, या जिद्दीने तिने सासरच्या बारचे रूप पालटले. सुरुवातीला तिने तिकडची साहेबी पक्वान्ने करून पाहिली. गिऱ्हाइकांनी नाके मुरडली. मग ती आपल्या गंबोवर आली. गंबो म्हणजे पीठ तेलात खमंग भाजून त्यावर केलेला, कोळंबी, खेकडे, सॉसेज घातलेला दाट रस्सा. हा शब्द मूळचा आफ्रिकी, आणि त्याचा अर्थ आपली भेंडी! गुलामांच्या जहाजांतून आलेला शब्द तिथल्या स्वयंपाकघरात टिकून राहिला.

साठीच्या दशकात माडीवरची खोली चळवळीची बैठक झाली. ए. पी. ट्यूरो, थरगुड मार्शल यांच्यासारखे वकील तिथे जेवले. पुढे १९७८ मध्ये शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झालेले अर्नेस्ट मोरियल तिथे येत. स्वतः किंग येऊन गेले. १९६१ मध्ये बसमधून पंक्तिभेद मोडत निघालेले 'फ्रीडम रायडर्स' आणि स्थानिक कार्यकर्ते यांच्या मसलती याच टेबलांभोवती झाल्या, आणि त्यांत गोरेही असत. पोलिसांना हे माहीत नव्हते असे नाही. पण धाड घातली तर अख्खी वस्ती रस्त्यावर उतरेल, या भीतीने ते आत शिरले नाहीत, असे सांगतात. १९६५ मध्ये मात्र कोणीतरी बॉम्ब फेकला. दुसऱ्या एखाद्याने त्यानंतर शटर ओढून घेतले असते. चेज कुटुंबाने जेवण वाढणे चालू ठेवले.

हे धाडस त्यांना जमले याला एक रोकडे कारण आहे. काळ्या शिक्षकाची नोकरी गोऱ्या शिक्षण मंडळाच्या हातात, मजुराची गोऱ्या मुकादमाच्या. चेज कुटुंबाचे गिऱ्हाईक मात्र वस्तीतले. त्यांना उपाशी मारायचे तर वस्तीनेच पाठ फिरवायला हवी होती. आपल्याकडे 'धंदेवाईक' हा शब्द शिवीसारखा वापरतात. मला ते पटत नाही. स्वतःच्या गल्ल्यावर बसलेला माणूस पुष्कळदा पगारदार विचारवंतापेक्षा मोकळा असतो.

पण याच मुद्द्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६४ च्या कायद्याने सगळी उपाहारगृहे सर्वांना खुली झाली. त्याबरोबर काळ्यांच्या वस्त्यांतली अनेक दुकाने, हॉटेले ओस पडू लागली, कारण गिऱ्हाईक आता कोठेही जाऊ शकत होते. ज्यांनी दार उघडायला मदत केली त्यांच्याच दारातली वर्दळ आटली. भरीला सरकारने ट्रेमेजवळच्या क्लेबोर्न अव्हेन्यूवरची जुनी ओकची झाडे १९६६ मध्ये तोडून तिथे उन्नत महामार्ग नेला आणि काळ्यांची भरली बाजारपेठ खांबांखाली गेली. पंक्तिभेद जावा की नाही, हा प्रश्नच नाही. तो गेलाच पाहिजे होता. त्याची किंमत कोणाच्या खात्यावर पडली, एवढेच मी विचारतो आहे.

डूकी चेज टिकले. २००५ च्या कॅटरिना वादळात रेस्टॉरंट पाण्याखाली गेले, तेव्हा लीआबाई ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. २००६ मध्ये शहरातल्या उपाहारगृहांनी त्यांच्यासाठी भोजनाचा कार्यक्रम करून सुमारे ४० हजार डॉलर जमवले आणि २००७ मध्ये चूल पुन्हा पेटली. २००८ मध्ये उमेदवार म्हणून आलेल्या ओबामांनी चव न घेताच गंबोत तिखट सॉस ओतला, तेव्हा बाईंनी त्यांच्या हातावर चापटी मारली. आपल्या आजीनेही हेच केले असते.

त्या २०१९ मध्ये, ९६ व्या वर्षी वारल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी त्यांचे वर्णन 'क्रिओल स्वयंपाकाची राणी' असे झाले. चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वाढणाऱ्या बाईला 'अन्नपूर्णा' म्हणून हात जोडले की तिच्या राजकारणाबद्दल विचारायचे राहून जाते, ही खोड आपल्याला परकी नाही. १९२७ मध्ये महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी जमलेल्यांना ज्यांनी भाकऱ्या बांधून दिल्या, त्यांची नावे आपण कोठे लिहिली? १९७२ मध्ये मुंबईतल्या तरुणांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आपल्या संघटनेचे नाव दलित पँथर ठेवले. त्या पोरांना चहा उधार देणाऱ्या हॉटेलवाल्यांचीही दखल घ्यायला हवी.

न्यू ऑर्लिन्समध्ये ईस्टरआधीच्या गुरुवारी डूकी चेजमध्ये हिरव्या पाल्यांचा गंबो शिजतो. पाले किती घालायचे याचे बंधन नाही, मात्र संख्या विषम हवी, असा तिथला संकेत. जितके पाले, तितके नवे मित्र त्या वर्षी मिळतात म्हणे. लीआबाई नऊ घालत.