जुन्या पिकअपचं नाक खाली कशाला?

आमच्या ऑफिसातल्या पोरांत सध्या एक नवीन खूळ शिरलंय. गावाकडे गोठ्यामागे पडलेली काकांची जुनी महिंद्रा पिकअप शोधायची, पुण्याला आणायची, रंगवायची आणि मग तिचं नाक चार इंच खाली बसवायचं. का? तर अमेरिकेतल्या शेव्हरोले सी-१० अशाच दिसतात! दिसतात खऱ्या, झकास दिसतात. पण मंडळी, जरा वाकून गाडीखाली बघा की.

१९६३ पासूनच्या सी-१० ला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग. तिथे 'ड्रॉप स्पिंडल' बसवता येतो. गाडी खाली येते, पण स्प्रिंगची चाल कमी होत नाही. आपल्या भाषेत, इंटरफेस तोच, आतलं बदललं. आपल्या जीपच्या घराण्यातल्या फोर-व्हील पिकअपला पुढे अखंड ॲक्सल, त्यात डिफरन्शियलचा गोळा आणि दोन बाजूंना कमानपाटे. इथे ती सोय नाही. मग मिस्त्री काय करतो? पाटे काढतो. झालं लोअरिंग!

समजा सात पाट्यांतले दोन काढले. कडकपणा साधारण २९ टक्के कमी झाला. वजन तेवढंच, म्हणून उरलेल्या प्रत्येक पाट्यावरचा ताण ४० टक्के वाढला. (दहावीचं गणित आहे हो, इंजिनिअरिंग नको त्याला.) वर ॲक्सल आणि चासी यांच्यातली मोकळी जागा कमी. शिवाय स्टेअरिंगच्या ड्रॅग लिंकचा कोन बदलतो, म्हणजे खड्ड्यात चाक वर गेलं की स्टेअरिंग आपोआप खेचलं जातं.

आता ही गाडी घेऊन मांजरसुंब्याचा घाट बीडच्या बाजूला उतरा. उतारावर वजन आधीच पुढे आलेलं, त्यात ब्रेक मारला की आणखी पुढे. पाटे दबून ॲक्सल बंप स्टॉपवर आदळतो, आणि तिथून पुढे सस्पेन्शन नावाची गोष्ट उरत नाही. टायर उडायला लागतं. नेमकं वळणावर, मागे ऊसाचा ट्रक असताना. घाटात रोलबॅक नसतो राजे.

"माझी गाडी, माझी हौस." बरं. पण लोरायडरवाल्यांचा इतिहास तरी वाचा. कॅलिफोर्नियात १९५८ साली रिमच्या खाली येणाऱ्या गाड्यांवर बंदी आली, तर १९५९ मध्ये रॉन अगिरेने कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसला की गाडी वर! म्हणजे खाली बसवणारेही गरजेला वर उचलत होते. आणि आपण? इंडियन रोड्स काँग्रेसचा गोल स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा असं मानक आहे. बीड-केजकडच्या खेड्यांत टेप घेऊन एकदा मोजाच.

कायद्याचंही ऐका. २०२१ च्या व्हिंटेज नियमानुसार ५० वर्षांवरची, धंद्यात नसलेली गाडी मूळ रूपात असेल तर 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो. अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. पाटे काढणं यात येतं का, यावर वकील वाद घालतील. पण ॲक्सलला जागा करायला चासीला खाच पाडलीत की वाद संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरफाराला दर बदलामागे ५ हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

माझा खरा राग वेगळाच आहे. ही गाडी उंच आहे ती कुणाची आवड म्हणून नव्हे. तिने कापूस, कडबा आणि लग्नाचं वऱ्हाड ओढलंय, चिखलातून आणि नदीच्या पात्रातून. ती उंची म्हणजेच ती गाडी. तुम्हाला तिचा फक्त चेहरा हवाय.

त्याच पैशात पाट्यांना पुन्हा कमान मारून घ्या, बुश आणि शॅकल नवे टाका, यू-बोल्ट बदला. निम्म्या जुन्या जीपा पुढून तशाही बसलेल्याच असतात, एका बाजूला जरा जास्तच.