ब्लोअरचा रकाना कोरा का?

घोटीला यंत्राच्या आवाजाचं नावीन्य नाही. भाताच्या गिरण्यांची घरघर ऐकतच इथली मुलं मोठी झाली. पण हंगाम सरला की गिरणी थंडावते. सांडपाणी प्रकल्पाच्या टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरला हंगाम नसतो. टाकीतल्या जिवाणूंना मध्यरात्रीही हवा लागते. शेजारी ओरडतात म्हणून रात्री ब्लोअर बंद ठेवला, तर सकाळी वासाने तेच शेजारी पुन्हा दारात.

महामार्गालगत इगतपुरीपर्यंत रिसॉर्ट आणि गृहप्रकल्प वाढताहेत, त्यांच्यामागे सांडपाणी प्रकल्पही आले, तेव्हा हा प्रश्न आपल्या कुंपणाशी आलाच म्हणा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची. उघडा ब्लोअर जवळून ९०च्या घरात जातो. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. एक मीटरवरचे ९० नुसत्या अंतराने ४५वर आणायला पावणेदोनशे मीटर जागा हवी. कुणाकडे आहे?

मग सुचतो पत्र्याचा खोका. पत्रा स्वतःच थरथरतो, आत उष्णता कोंडते, पट्टे करपतात. वैतागलेला ऑपरेटर दार उघडं टाकतो, की झालं!

दुखणं बहुधा खाली असतं. ब्लोअर थेट स्लॅबवर आवळलेला, हवेचा पाइप भिंतीत सिमेंटने चिणलेला. पलीकडच्या खोलीत भिंतीला तळहात लावा, धडधड हाताला लागते. दोन पाकळ्यांचा ब्लोअर एका फेरीत हवेचे चार ठोके देतो. ते अडवायचे तर स्लॅबपासून सुटा, जड काँक्रीटचा पाया, खाली रबरी पॅड किंवा स्प्रिंग, पाइपला रबरी बेलो, भिंतीतल्या भोकाला मऊ भरण, हवेच्या दोन्ही तोंडांना सायलेन्सर. खोका शेवटी, तोही आतून ध्वनिशोषक अस्तराचा आणि पंख्यासकट.

आवाज मागाहून चढला, तर आधी दाबमापक पाहा. टाकीच्या तळातले हवा सोडणारे डिफ्युझर बुजले की ब्लोअर जास्त जोर लावतो आणि मोटर जास्त वीज खाते. अशा प्रकल्पाची साधारण निम्मी वीज हवेवरच जाते, म्हणजे कानाचा त्रास बिलातही असतो.

खरेदीच्या कागदावर हवा किती, दाब किती, हे चोख लिहिलेलं असतं. डेसिबलचा रकाना मात्र कोरा. पाया ओतण्याआधी तो भरून घ्या. मोजणी रात्रीची आणि शेजाऱ्याच्या कुंपणावरची, हेही त्यातच लिहा. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

— घोटीकर