बीहाइव्हचा फोटो काढून निघू नका

वेलिंग्टनला येणाऱ्या मराठी पाहुण्यांना, त्यांना इथे आणणाऱ्या सहल आयोजकांना आणि न्यूझीलंडमध्ये संसार थाटलेल्या आपल्या माणसांना हे कळकळीचं आवाहन आहे. आपल्याकडे दिवाळी होते तेव्हा इथे उन्हाळ्याची चाहूल लागते. डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सहलींचे कार्यक्रम एकदा छापले गेले की त्यात कोणी हात घालत नाही. तेव्हा तो कार्यक्रम पक्का होण्याआधीच हे वाचा.

दर उन्हाळ्यात मी तेच पाहते. संसदेसमोर बस थांबते. स्वेटर, टोप्या सावरत मंडळी उतरतात. बीहाइव्ह, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी दिसणारी मंत्र्यांची गोल इमारत, मागे धरून फोटो निघतात. गाइड घड्याळाकडे बोट दाखवतो आणि दहाव्या मिनिटाला बस चालू लागते. ज्यांनी आयुष्यभर पै-पै साठवून हा प्रवास केला, त्यांना एका देशाची राजधानी दहा मिनिटांत दाखवली जाते. मला याचं फार वाईट वाटतं. कारण फोटो काढताना त्यांची पाठ ज्या बाजूला असते, तिथे रस्त्यापलीकडे एक लांबलचक पांढुरकी इमारत उभी असते. तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही.

लॅम्बटन कीवरची ही जुनी सरकारी कचेरी, गव्हर्नमेंट बिल्डिंग्ज. लांबून पाहिली तर इटलीतला दगडी महाल वाटावा. कोपऱ्यांवर एकावर एक रचलेले चिरे, खिडक्यांवर कमानी, दारापाशी जाडजूड खांब. गेल्या वर्षी माझे काका-काकू सांगलीहून आले होते. काकांचा हयातभर बांधकामाशी संबंध. त्यांनी भिंत पाहिली आणि लगेच कोणता दगड असेल याचा अंदाज बांधायला लागले. मी म्हटलं, बोटाने जरा टकटक करून बघा. त्यांनी केली. आतून आवाज आला तो लाकडाचा! काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे सुताराने केलंय?"

हो, सुतारांनीच. चिरे, कमानी, खांब, सगळं लाकूड आहे. विल्यम क्लेटन या सरकारी वास्तुविशारदाने हिचा आराखडा केला. दगडी इमारतीचा खर्च परवडेना, म्हणून ती लाकडात बांधायची ठरली आणि लाकडालाच दगडाचं रूप दिलं. त्या काळच्या मोठ्या साम्राज्याच्या एका टोकाला बसलेल्या छोट्या सरकारला आपली कचेरी भारदस्त दिसायला हवी होती, हे त्यामागचं सरळ कारण. 22 महिन्यांत, सुमारे 39,000 पौंडांत, समुद्रात भर घालून केलेल्या जमिनीवर ती 1876 मध्ये उभी राहिली. त्याच वर्षी न्यूझीलंडमधली प्रांतिक सरकारं बरखास्त झाली आणि सगळा कारभार वेलिंग्टनला एकवटला. राजधानीतली सरकारी नोकरशाही आणि मंत्रिमंडळ याच एका छपराखाली बसायचं. आजही जगातल्या सर्वांत मोठ्या लाकडी इमारतींमध्ये हिची गणना होते.

लाकूड कौरीचं. उत्तरेकडच्या जंगलातला हा प्रचंड वृक्ष. त्याचं खोड सरळसोट, खालच्या बाजूला फांद्या नाहीत, त्यामुळे लाकडात गाठी नाहीत. एकोणिसाव्या शतकात या झाडांची बेसुमार कत्तल झाली. जी उरली आहेत त्यांच्या मुळांना आता मातीतून पसरणारा जीवघेणा रोग लागतो आहे आणि त्यावर खात्रीचा इलाज सापडलेला नाही. म्हणून उत्तरेला वायपोआच्या जंगलात ताने माहुता हा महावृक्ष बघायला जाल, तेव्हा वाटेवरच्या ठिकाणी बूट घासून, जंतुनाशकात बुडवूनच पुढे जा आणि पायवाट सोडू नका. आपल्या बुटाला चिकटलेली चिमूटभर माती शेकडो वर्षांच्या झाडाचा जीव घेऊ शकते. वेलिंग्टनची ही इमारत आज नव्याने बांधता येणार नाही. तेवढं कौरी आता कुठून आणणार?

आणि आगीचं काय? पुणेकराच्या मनात हा प्रश्न पहिला येईल. 1828 मध्ये शनिवारवाड्याला आग लागली आणि पेशव्यांच्या वैभवाचं जोतं आणि तटबंदी तेवढी मागे राहिली. 1879 मध्ये बुधवारवाडा जळाला. लाकडी वास्तू गमावणं म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वेलिंग्टनच्या या कचेरीत 143 खोल्या आणि 126 शेकोट्या होत्या. हिवाळ्यात इतक्या शेकोट्या पेटवायच्या, त्याही संपूर्ण लाकडी घरात! तरी ती वाचली. आगीच्या भीतीने इथे अगदी सुरुवातीपासून धूम्रपानाला मनाई होती. नंतर समोरच्या संसदेची जुनी लाकडी इमारत 1907 च्या आगीत गेली, ही मात्र राहिली. नियम केला आणि पिढ्यान् पिढ्या पाळला, एवढंच त्यामागचं रहस्य आहे असं मला वाटतं.

आत गेलात की जिने बघा. मधे खांबाचा आधार नसलेले, भिंतीतून निघून वर वळत गेलेले. मंत्रिमंडळाची जुनी खोली बघा. 1921 पर्यंत मंत्री या इमारतीत बसत. तिथे उभं राहाल तेव्हा दोन गोष्टी आठवा. दोन्ही आठवल्याशिवाय तिथून निघू नका, ही माझी खास विनंती.

पहिली 1893 ची. केट शेपर्ड आणि तिच्या सहकारी बायकांनी देशभर हिंडून हजारो सह्या गोळा केल्या आणि त्या वर्षी 19 सप्टेंबरला न्यूझीलंडच्या बायकांना संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा हक्क मिळाला. स्वतःचा कारभार पाहणाऱ्या देशांत हा पहिला. त्या वेळचं सरकार याच इमारतीतून चालत होतं. सह्यांच्या त्या अर्जाचे मूळ कागद इथून थोड्याच अंतरावर, मोल्सवर्थ स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवले आहेत. त्यांच्या शेजारीच इथल्या मूळ रहिवासी माओरींच्या प्रमुखांनी ब्रिटिश राजसत्तेशी केलेला 1840 चा वायटांगीचा करार आहे. तिथे पैसे पडत नाहीत. बरोबर लेकी-सुना असतील तर त्यांना तिथे न्याच.

दुसरी गोष्ट 1881 ची, आणि ती सांगताना माझा आवाज खाली जातो. आपल्याकडे त्या वर्षी 'केसरी' सुरू झाला. इथे तारानाकी भागात पारिहाका नावाचं माओरी गाव होतं. सरकारने माओरींची जमीन जप्त केली, मोजणीदार खुंट्या ठोकायला लागले. ते फिती ओ रोंगोमाई आणि तोहू काकाही या दोन नेत्यांनी शस्त्र उचलू दिलं नाही. गावकऱ्यांनी काय केलं? जप्त झालेल्या जमिनीवर नांगर धरले. पकडले गेले की दुसरे येऊन नांगर धरत. मोजणीच्या खुंट्या उपटल्या, कुंपणं पुन्हा घातली. 5 नोव्हेंबर 1881 ला सुमारे दीड हजार सशस्त्र शिपाई गावात शिरले, तेव्हा त्यांच्या वाटेत मुलं आली आणि गावाने त्यांना भाकरी देऊ केली. तरी दोन्ही नेत्यांना पकडलं आणि खटला न चालवता 1883 पर्यंत अडकवून ठेवलं. गाव उद्ध्वस्त केलं. सत्याग्रह हा शब्द तेव्हा जन्मायचा होता. ज्या सरकारने हे केलं त्याची कागदपत्रं, शिक्के आणि हुकूम याच लाकडी खोल्यांतून हलत होते. सरकारने पारिहाकात जाऊन माफी मागितली ती 2017 मध्ये.

म्हणून मी म्हणते, आत जा. सुंदर जिना बघाच. पण त्या जिन्यावरून कोणती माणसं चढली-उतरली आणि त्यांनी खाली येऊन काय हुकूम सोडले, हेही मुलांना सांगा. मुंबईला आपलं जुनं सचिवालय आहे. ओव्हलसमोर, 1874 चं, कर्नल विल्किन्सने उभारलेलं. वेलिंग्टनच्या कचेरीहून दोनच वर्षांनी थोरलं. त्यात आज न्यायालय भरतं, आणि वेलिंग्टनच्या कचेरीत 1996 पासून व्हिक्टोरिया युनिव्हर्सिटीचं विधी महाविद्यालय आहे. एका साम्राज्याच्या दोन कचेऱ्या, दोन्हींत आता कायद्याचंच काम चालतं. मुंबईतली ती इमारत आपल्यापैकी किती जणांनी मान वर करून पाहिली आहे? मुंबई महापालिकेच्या मुख्यालयाची मार्गदर्शकासह सफर 2021 मध्ये सुरू झाली. तिथे तरी मुलांना नेलंय का?

उद्या-परवा बघू, असं म्हणू नका. क्राइस्टचर्चला एव्हन नदीकाठी कँटरबरी प्रांताची जुनी कचेरी होती. देशात तशी एकच शिल्लक होती. तिच्यातलं 1865 चं दगडी सभागृह वास्तुविशारद माउंटफर्टने रचलेलं, बघणाऱ्याची नजर छतावरच खिळावी असं. 22 फेब्रुवारी 2011 ला भूकंप झाला. शहरात 185 माणसं गेली आणि ते सभागृह कोसळलं. पुढच्या खेपेला बघू म्हणणाऱ्यांना ती खेप मिळालीच नाही. वेलिंग्टनही भूकंपाच्या रेषेवरच वसलेलं आहे. इथला टाउन हॉल 2013 मध्ये भूकंपाच्या धोक्यामुळे बंद करावा लागला. जे दार आज उघडं आहे ते आजच ओलांडायचं, हा इथल्या रहिवाशाचा अनुभव आहे.

जाण्याचे काही साधे नियम सांगते. इमारतीची देखभाल डिपार्टमेंट ऑफ कॉन्झर्वेशन या सरकारी खात्याकडे आहे. पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या खोल्या बघायला पैसे लागत नाहीत. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत दार उघडं आहे हे आधी तपासून घ्या. आतमध्ये मुलं अभ्यास करत असतात. आवाज हळू ठेवा, वर्गांत डोकावू नका, मनाई असलेल्या मजल्यांवर जाऊ नका, कठड्यावर मुलांना बसवून फोटो काढू नका. लाकडावर नाव कोरण्याची हौस आपल्या किल्ल्यांवर आपण खूप भागवून घेतली, ती कृपा करून विमानतळावर सोडून या. समोरच्या संसदेतही मोफत सफर असते. तिथे विमानतळासारखी तपासणी होते, तेव्हा सामान कमी ठेवा. अधिवेशन चालू असेल तर प्रेक्षक-सज्जात बसून सभागृह ऐकता येतं. तिथून मलग्रेव्ह स्ट्रीटवरचं 1866 चं ओल्ड सेंट पॉल्स हे लाकडी चर्च पायी काही मिनिटांवर आहे. गुडघे दुखणाऱ्यांनाही झेपेल असा हा सगळा फेरफटका आहे. मधे बसायला बाकं आहेत.

वेलिंग्टन, ऑकलंड, क्राइस्टचर्चला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनो, आई-बाबा तीन-तीन महिने येऊन राहतात आणि बहुतेक वेळ नातवंडं आणि मॉल यांत जातो. एक सकाळ त्यांना या इमारतीत घेऊन जा. मराठी मंडळांनी वर्षातून एकदा तिथे एकत्र जायचा बेत ठरवावा. तयारी असेल त्याने पारिहाकाची आणि केट शेपर्डची गोष्ट मराठीतून सांगावी. सहल आयोजकांना माझं हात जोडून सांगणं आहे की, वेलिंग्टनचा थांबा दहा मिनिटांचा ठेवू नका. खरेदीतला एक तास कमी करा, तो इथे द्या.

आणि पैसे भरून येणाऱ्या प्रवाशांनो, कार्यक्रमपत्रिकेत वेलिंग्टनपुढे किती वेळ लिहिला आहे ते आज रात्रीच बघा. तिथे फक्त 'संसद भवन, फोटोसाठी थांबा' असं लिहिलेलं दिसलं, तर सकाळी फोन करून सांगा की आम्हाला दोन तास हवेत आणि समोरच्या लाकडी इमारतीत आत जायचं आहे.