मानसशास्त्रात पीएच.डी. : आधी काम ठरवा, मग विद्यापीठ

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. मोठ्या शहरात याची फारशी झळ बसली नसेल. पण साकोली, पवनी, लाखांदूरसारख्या तालुक्यांत घर किंवा नोकरी सांभाळून एम.ए. करू पाहणाऱ्यांची वाट त्यामुळे अरुंद झाली. ज्यांचे एम.ए. झाले आहे, त्यांच्यापुढे आता पुढचा प्रश्न आहे : पीएच.डी. कुठे करायची? आमच्या मते 'कुठे' च्या आधी 'कशासाठी' विचारले पाहिजे. घरातल्या पहिल्या पदवीधराला चुकीच्या निवडीत गेलेली पाच वर्षे परत मिळत नाहीत.

पदवी म्हणजे परवाना नव्हे

पीएच.डी. झाली की रुग्णांवर उपचार करता येतात, हा आपल्याकडचा सर्वात महागात पडणारा गैरसमज आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेले शिक्षण लागते आणि त्यात रुग्णांसोबतचे देखरेखीखालचे प्रशिक्षण येते. साधी पीएच.डी. ही संशोधनाची पदवी आहे. रुग्णालयात काम करायचे असेल, तर आधी परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांची यादी पाहा.

महाविद्यालयात शिकवायचे असेल, तरी हिशेब वेगळा आहे. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे. म्हणजे पीएच.डी. खरोखर हवी ती ज्याला संशोधन करायचे आहे त्याला.

मार्गदर्शक आणि नियम

२०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाला एकावेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरला आहे, त्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. महिलांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात. नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, मात्र दूरस्थ पीएच.डी. चालत नाही. कोणी 'घरबसल्या' पदवी देऊ करत असेल, तर पैसे भरू नका.

नागपूर जवळ आहे, वरठीहून रेल्वेने जाऊन येता येते. पण केवळ जवळ म्हणून विद्यापीठ निवडू नये. संभाव्य मार्गदर्शकाचे लेखन वाचा, त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना भेटा, किती जणांचे प्रबंध पूर्ण झाले ते विचारा. बाबासाहेबांच्या रुपयाविषयीच्या ग्रंथाला प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपले मतभेदही नोंदवले. मतभेद असूनही विद्यार्थ्याच्या पाठीशी उभा राहणारा मार्गदर्शक असाच शोधावा लागतो.

पैशाचे आधी ठरवा

बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने बाबासाहेबांना १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. आजही ही अडचण ओळखीची आहे. बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानावर बसावे लागले. म्हणून एकाच योजनेवर विसंबू नका.

जून २०२४ पासून नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेशही मिळतो. जेआरएफ मिळाल्यास दरमहा ३७ हजार आणि पुढे वरिष्ठ संशोधक म्हणून ४२ हजार रुपये मिळतात. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे आणि १९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्ध विद्यार्थीही तिला पात्र आहेत. केंद्राच्या नमुन्यातील जात प्रमाणपत्र मात्र वेळेआधी काढून ठेवा.

विषय दारातच आहेत

२९ सप्टेंबर २००६ रोजी मोहाडी तालुक्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयातील आगीत १० नवजात बालकांचा मृत्यू झाला. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन कामगार गेले. गोसेखुर्दसाठी गावे उठली. चौकशी, खटला, नुकसानभरपाई यांवर चर्चा झाली. पण जे मागे उरले, त्यांची झोप, त्यांची भीती, त्यांचे मुके दुःख कोण नोंदवणार?

हे काम बाहेरून येणाऱ्या संशोधकालाही जमेल. पण झाडीबोलीत बोलणारी आई त्याच्यासमोर किती मोकळी होईल? जातीच्या अपमानाने मनावर होणारी जखम ज्याने घरात पाहिली आहे, तो प्रश्नावली वेगळी तयार करील. शोधकाला जवळीक असल्याने तटस्थता जपण्याची शिस्तही शिकावी लागेल, आणि त्यासाठीच तर चांगला मार्गदर्शक हवा.

म्हणून एम.ए. झालेल्या आपल्या मुलामुलींनी आधी एका कागदावर उत्तर लिहावे : मला उपचार करायचे आहेत, शिकवायचे आहे की संशोधन? उत्तर संशोधन असेल, तर भंडाऱ्याला तुमची गरज आहे. आणि तुमचा प्रबंध पूर्ण होईपर्यंत घरच्यांनी 'नोकरी कधी लागणार?' हा प्रश्न जरा कमी वेळा विचारावा, ही समाजाला विनंती.