धुऱ्याची लांबी आणि बांधीचे क्षेत्र

इयत्ता पाचवीच्या गणिताच्या पुस्तकात परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच धड्यात शेजारी शेजारी येतात, आणि तो धडा संपताना बहुतेक मुलांच्या हाती दोन सूत्रे उरतात, ज्यांतले कोणते केव्हा वापरायचे हे प्रश्नातल्या शब्दांवरून ओळखायचे असते. गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यासारख्या धानाच्या गावात हे पाहताना मन अधिक अस्वस्थ होते. कारण इथले मूल चालायला लागल्यापासून धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालते, रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांधीत (धुऱ्यांनी वेढलेल्या धानाच्या तुकड्यात) पोचवते, एका बांधीला किती जुड्या लागतील याचा घरातल्यांचा अंदाज ऐकत वाढते, आणि तरीही लांबट अरुंद बांधी मोठी की आटोपशीर चौकोनी, असे विचारले तर पुष्कळदा लांब धुऱ्याच्या बाजूने कौल देते. हा दोष मुलाचा नाही, गावाचाही नाही. माणसाची नजर काठावर आधी जाते आणि पृष्ठभागाकडे उशिरा वळते, याची साक्ष दोन हजार वर्षांहून जुनी आहे.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस तक्रार करतो, की राज्यकारभार आणि सैन्य सांभाळणाऱ्यांनाही नगराचा विस्तार त्याच्या परिघावरून ठरत नाही हे पटत नाही. मेगॅलोपोलिसचा परिघ 50 स्टेडियम (अंतराचे ग्रीक माप), स्पार्टाचा 48, आणि तरी स्पार्टा दुपटीने मोठे, असे सांगितले की लोक चकित होतात. पुढे पाचव्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ प्रोक्लस लिहितो, की सामाईक जमिनीच्या वाटणीत काही जण जास्त परिघाचा पण कमी क्षेत्राचा तुकडा दुसऱ्याला देत आणि वर उदार म्हणून मिरवत. क्षेत्रफळाचे अज्ञान ही शाळेपुरती उणीव कधीच नव्हती. ज्याला ते कळत नव्हते त्याची जमीन कमी होत होती, आणि त्याला पत्ताही लागत नव्हता.

आपल्याकडे या भ्रमावर सर्वांत कठोर प्रहार भास्कराचार्यांनी केला. 1150 च्या सुमारास रचलेल्या लीलावतीत ते बजावतात, की चौकोनाच्या केवळ चार बाजू सांगून त्याचे निश्चित क्षेत्रफळ विचारणे हेच मुळात चुकीचे आहे; बाजू त्याच राहूनही कर्ण बदलतो, चौकोन झुकतो, आणि क्षेत्र घटते किंवा वाढते. लंब किंवा कर्ण न सांगता असा प्रश्न करणाऱ्याला ते चक्क पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्याला त्याहून मोठे. ब्रह्मगुप्ताने 628 साली समोरासमोरच्या बाजूंच्या बेरजांच्या निमपटींचा गुणाकार हे केवळ स्थूल फळ म्हणून सांगितले होते. पण स्थूल आणि सूक्ष्म यांतला हा विवेक विद्वानांच्या पोथीत राहिला. तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने चाळीसगावजवळच्या पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, त्याचा शिलालेख आजही आहे. मात्र पुढच्या काळातल्या गावोगावच्या पंतोजींच्या शाळेत जे रुजले ते पावकी, निमकी, दीडकीचे पाठांतर. कर्णाची शंका पंतोजींपर्यंत पोचलीच नाही.

याच महाराष्ट्रात शिक्षणाच्या दृष्टीने फार मोलाचे एक माप मात्र शेतात वापरात होते. शिवकालीन जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी ठरवल्याचे सभासद बखर सांगते. एक काठी लांब, एक काठी रुंद असा चौरस. असे वीस चौरस म्हणजे एक पांड. वीस पांड म्हणजे एक बिघा. 120 बिघ्यांचा एक चावर. वीस चौरसांची एक ओळ, आणि अशा वीस ओळी रचल्या की बिघा भरतो, अशी कल्पना पांडावरून सहज करता येते. लांबी आणि रुंदी यांचा गुणाकारच का करायचा, बेरीज का नाही, याचे सगळे उत्तर त्या मधल्या मापात आहे. आज ते माप व्यवहारातून गेले, आणि त्याबरोबर ओळींचा टप्पाही वर्गातून गेला, असे मला वाटते. आता आपण चौरसावरून थेट सूत्रावर उडी मारतो.

इंग्रजी अमलात मोजणी काटेकोर झाली आणि रयतेपासून दूर गेली. मुंबई इलाख्यात 33 फुटी साखळी आली, तिच्या चौरसाचा, म्हणजे 1089 चौरस फुटांचा गुंठा झाला, चाळीस गुंठ्यांचा एकर. नागपूरचे राज्य 1854 मध्ये खालसा झाल्यावर 1860 च्या दशकात भंडाऱ्यासह या मुलखात मालगुजारी बंदोबस्त झाला, आणि पिढ्यान् पिढ्या बियाण्याच्या मापाने, म्हणजे इतके धान पेरले जाईल इतकी जमीन, अशा हिशेबाने बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या नावापुढे एकराचा आकडा बसला. तो आकडा पटवाऱ्याला वाचता येत होता, मालगुजाराला वाचता येत होता. ज्याच्या घामावर तो उभा होता त्याला नव्हता. जोतीराव फुले यांनी 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे प्राथमिक शाळेत हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे अशी मागणी केली, तिच्यामागे हाच अनुभव होता.

या भागाला एक संधी पुढे मिळाली होती. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हाताच्या कामातून शिक्षणाचा आग्रह मांडला, आणि त्याच सुमारास मध्यप्रांतात शिक्षणमंत्री रविशंकर शुक्लांनी विद्यामंदिर योजना आणली, जिच्यात गावच्या शाळेचा खर्च तिच्या नावे दान मिळालेल्या शेतजमिनीच्या उत्पन्नातून भागवायचा होता. शाळेची स्वतःची शेती! क्षेत्रमापन शिकवायला याहून चांगली प्रयोगशाळा सुचणार नाही. पण योजना नावाच्या वादात आणि राजकारणात अडकली, 1939 मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, आणि जमिनीवरून गणिताकडे जाण्याची ती वाट रुळण्याआधीच मोडली.

मुलांच्या मनात क्षेत्राची कल्पना कशी घडते, हे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1948 च्या ग्रंथात दाखवले. त्यांनी मुलांपुढे दोन सारखी हिरवी कुरणे ठेवली, दोन्हींवर तितकीच घरे मांडली, फक्त एकीकडे रांगेत आणि दुसरीकडे विखुरलेली, आणि विचारले की गाईला चरायला कुठे जास्त गवत आहे. लहान मुले विखुरलेल्या घरांच्या कुरणात गवत कमी म्हणतात. पुढच्या अभ्यासांत हेही दिसले की चौरसांनी भरलेला आयत मोजताना पुष्कळ मुले काठचे चौरस मोजतात, कोपऱ्यातला दोनदा धरतात आणि मधले विसरतात, कारण त्यांना ओळी आणि स्तंभ अजून दिसलेलेच नसतात. अशा मुलाला सूत्र देणे म्हणजे त्याला प्रश्नच न देता उत्तर देणे होय.

म्हणून शिकवण्याचा क्रम बदलायला हवा. परिमिती आणि क्षेत्रफळ एकाच आठवड्यात उरकू नयेत. आधी झाकणे यावे: वर्गाची फरशी वह्यांनी, मग कागदी चौरसांनी, फट न सोडता आणि एकावर एक न येऊ देता. मग ओळ, ओळींची संख्या, आणि तिथूनच गुणाकार. त्यानंतर 24 हातांची एक दोरी मैदानात ताणावी. 6 बाय 6 केली तर आत 36 चौरस मावतात, 8 बाय 4 केली तर 32, 10 बाय 2 केली तर 20, आणि 11 बाय 1 केली तर अवघे 11. भास्कराचार्यांचा झुकणारा चौकोन चार बांबू आणि सुतळीने कोणत्याही जिल्हा परिषद शाळेत उभा करता येतो. शेवटी खरी बांधी, जिची एकही बाजू सरळ नसते: तिचा आराखडा चौकटीच्या कागदावर काढून पूर्ण चौरस मोजावेत, अर्ध्याहून मोठे धरावेत, अर्ध्याहून लहान सोडावेत, आणि हे फळ स्थूल आहे हे मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगावे. याला वेळ लागतो, आणि परीक्षेच्या धास्तीत शिक्षकांना तो मिळत नाही, ही अडचण खरी आहे. पण सूत्र विसरल्यामुळे पुढच्या प्रत्येक इयत्तेत जो वेळ पुन्हा जातो, तोही हिशेबात धरला पाहिजे.

आज ही निकड वाढली आहे. 2020 मध्ये जाहीर झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होते आणि मिळकत पत्रिकेवर चौरस मीटरचा आकडा येतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, घरात बोलणे एकराचे चालते. साखळीची जागा उपग्रहाने घेतली, तरी आकडा देणारा आणि आकडा घेणारा यांच्यातले अंतर 1860 च्या दशकातलेच राहू शकते. शाळेच्या आवाराचे क्षेत्रही कुठल्या तरी कागदावर नोंदलेले असते. दवनीवाड्यातल्या आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत पाचवीच्या मुलांनी या हिवाळ्यात ते आवार काठी आणि दोरीने मोजावे, आपला आकडा नोंदीशी ताडून पाहावा, आणि फरक निघाल्यास तलाठ्यांना शाळेत बोलावून तो समजावून मागावा.